तरंगणारा काटा काय सांगतो?
घनता मोजण्याची प्रयोगशाळेतील साधने व त्यांचा गोठ्यातील आणि शेतावरील उपयोग

संकलन केंद्रापासून हाकेच्या अंतरावर गोठा असलेल्या शेतकऱ्याच्या दुधात पाणी निघावे आणि चार किलोमीटरवरून तासाभराने आलेल्या दुधात ते निघू नये, हे कसे? आमच्या महाविद्यालयाजवळ राहणारे एक गोपालक हा प्रश्न घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. हातात स्टीलची छोटी बरणी होती. "सर, पाणी मी गाईला पाजतो, दुधाला नाही. पण काटा रोज सव्वीसच दाखवतो आणि रोज पैसे कापले जातात," असे त्यांचे म्हणणे होते.

त्या दिवशी योगायोगाने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे घनतेचे प्रात्यक्षिक चालू होते. टेबलावर ताणकाटा, चोच असलेले पत्र्याचे पात्र, मोजपात्र, विशिष्ट गुरुत्वाची बाटली आणि काचेचे दोन-तीन तरंगणारे काटे मांडलेले होते. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर याच टेबलावर होते. ही साधने शाळा-महाविद्यालयात परीक्षेपुरती हाताळली जातात आणि मग कपाटात जातात. वास्तविक दूध, बियाणे, माती आणि बटाटा या चारही बाबतीत शेतकऱ्याच्या पैशाचा निर्णय याच तत्त्वावर होत असतो. म्हणून ही साधने कशी चालतात आणि कोठे फसवतात, हे सविस्तर पाहू.

विहिरीतील बादली

विहिरीतून बादली शेंदताना आपण सर्वांनी एक अनुभव घेतलेला आहे. बादली पाण्यात बुडालेली असते तोपर्यंत दोराला फारसे ओझे जाणवत नाही. बादलीचा काठ पाण्याबाहेर आला की दोर एकदम ताणतो. पाणी तेच, बादली तीच, मग वजन कोठून आले? वजन आधीही होतेच. पाण्यात असताना खालचे पाणी बादलीला वर ढकलीत होते, ते ढकलणे संपले. या वर ढकलणाऱ्या जोराला प्लावक बल म्हणतात. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी सिसिली बेटावरील सिराक्यूज येथे राहणाऱ्या आर्किमिडीजने त्याचे माप सांगितले. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका हा जोर असतो.

प्रयोगशाळेत हे असे दाखवितात. काळ्या पाषाणाचा एक दगड दोऱ्याने ताणकाट्याला टांगावा. समजा त्याचे वजन ५६० ग्रॅम भरले. चोचीच्या पात्रात चोचीतून पाणी ठिबकून थांबेपर्यंत पाणी भरावे, चोचीखाली रिकामे मोजपात्र ठेवावे आणि दगड हळूहळू पाण्यात सोडावा. मोजपात्रात २०० मिलि पाणी जमते आणि काटा ३६० ग्रॅम दाखवितो. घटलेले वजन २०० ग्रॅम, सांडलेले पाणीही २०० ग्रॅम. याच आकड्यांवरून दगडाची घनताही मिळते. ५६० ला २०० ने भागले की २.८ येतात, म्हणजे हा दगड पाण्याच्या २.८ पट जड.

प्रयोग सोपा असला तरी विद्यार्थ्यांचे आकडे क्वचितच जुळतात. कारणे ठरलेली आहेत. दगड पात्राच्या भिंतीला टेकतो, दगडाच्या खाचेत हवेचा बुडबुडा राहतो, किंवा चोचीतून पाणी ठिबकणे थांबण्यापूर्वीच घाई केली जाते. यातील बुडबुड्याची गोष्ट लक्षात ठेवावी, ती पुढे बियाण्यात पुन्हा येणार आहे.

वस्तू पूर्ण बुडाली नाही, तरंगत राहिली, तर काय? तर ती स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारून थांबते. हेच तरंगणाऱ्या काट्याचे मर्म आहे. द्रव जड असेल तर थोडाच द्रव बाजूला सारून वजनाची भरपाई होते, म्हणून काटा वर राहतो. द्रव हलका असेल तर जास्त द्रव सारावा लागतो, म्हणून काटा खोल जातो.

घरी करावयाचा काटा

असा काटा, म्हणजे हायड्रोमीटर, घरी करता येतो. शीतपेयाची प्लॅस्टिकची जाड, सरळ नळी घ्यावी. खालचे तोंड मेणाने पक्के बंद करावे आणि नळी पाण्यात उभी तरंगेल इतके बारीक छर्रे आत टाकावेत. साध्या पाण्यात नळी जेथपर्यंत बुडते तेथे न पुसणाऱ्या शाईने खूण करावी. समजा ती १२ सेंमी बुडाली. मग दुसऱ्या कोणत्याही द्रवात ती किती बुडेल, हे १२ ला त्या द्रवाच्या घनतेने भागून काढता येते.

दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ टाकले तर द्रावणाची घनता साधारण १.०२ होते. त्यात नळी सुमारे अडीच मिलिमीटर वर येईल. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ टाकले तर घनता १.१२ च्या आसपास जाते आणि नळी जवळजवळ १३ मिलिमीटर वर येते. हा फरक डोळ्यांना सहज दिसतो.

आता हीच नळी दुधात सोडून पाहा. १.०३० घनतेच्या दुधात ती पाण्यापेक्षा साडेतीन मिलिमीटर वर राहील. त्या दुधात दहा टक्के पाणी घातले तर घनता १.०२७ होते. नळीच्या पातळीत किती फरक पडेल? एक तृतीयांश मिलिमीटर. एवढा फरक कोणाच्याही नजरेला कळणार नाही. म्हणजे मिठाच्या द्रावणासाठी नळी चालते, दुधासाठी चालत नाही.

काचेच्या लॅक्टोमीटरची घडण यासाठीच वेगळी आहे. खाली मोठा फुगा आणि वर बारीक मान. समजा काट्याचे वजन ५० ग्रॅम आणि मानेचा व्यास ५ मिलिमीटर आहे. दुधाच्या घनतेत तिसऱ्या दशांश स्थळी एकाचा फरक पडला तरी असा काटा सुमारे अडीच मिलिमीटर वर किंवा खाली सरकतो. घरच्या नळीत हाच फरक एक मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढा असतो. फुगा जितका मोठा आणि मान जितकी बारीक, तितका काटा चोखंदळ. कारागिराने काचेत केलेली ही युक्ती मला आजही फार आवडते.

गोठ्यातील दूध

लॅक्टोमीटरवरील ३० हा आकडा म्हणजे १.०३०, अर्थात एक लिटर दुधाचे वजन १०३० ग्रॅम. आकडे मानेवर वरून खाली वाढत जातात, कारण दूध जितके जड तितका काटा वर राहतो व मानेचा खालचा भाग पृष्ठभागाशी येतो. सर्वसाधारणपणे गाईच्या निर्भेळ दुधाचा आकडा २८ ते ३० आणि म्हशीच्या दुधाचा ३० ते ३२ च्या दरम्यान असतो. पाणी घातले की तो उतरतो.

त्या गोपालकाच्या बरणीतील दूध सकाळचेच होते. आम्ही ते हलक्या हाताने खालीवर करून काचेच्या उंच पात्रात ओतले आणि २७ अंश सेल्सिअसला आकडा वाचला. तो २८.५ आला. त्यांचा चेहरा उजळला, पण लगेच ते म्हणाले, "मग केंद्रावर सव्वीस कसे?" तेच दूध आम्ही गरम पाण्यात ठेवून ३७ अंशांपर्यंत आणले आणि पुन्हा काटा सोडला. आकडा २६.५ आला. दूध तेच, काटा तोच, पात्र तेच.

दूध तापले की प्रसरण पावते. एक लिटरमध्ये मावणारे वजन घटते आणि दूध पातळ असल्यासारखा काटा बुडतो. प्रत्येक लॅक्टोमीटर एका ठरावीक तापमानासाठी आखलेला असतो. ते तापमान काट्याच्या कागदी पट्टीवर छापलेले असते. आपल्याकडे १५.६ अंश (६० अंश फॅरनहाइट) आणि २७ अंश सेल्सिअस अशा आखणीचे काटे आढळतात. दुधाचे तापमान त्यापेक्षा जास्त असेल तर दर अंश सेल्सिअसमागे सुमारे ०.२ आकड्यात मिळवावे लागतात, कमी असेल तर वजा करावे लागतात. वरील उदाहरणात तापमान दहा अंशांनी जास्त होते, म्हणून २६.५ मध्ये २ मिळविले की २८.५ हाच खरा आकडा येतो. मात्र ही दुरुस्ती आखणीच्या तापमानापासून थोड्या फरकापुरतीच विश्वसनीय आहे. दूध आधी निववून मोजणे केव्हाही चांगले.

दुसरे कारण ताजेपणाचे. धार काढताना दुधात हवा मिसळते, बारीक बुडबुडे अडकून राहतात. शिवाय दूध निवताना त्यातील स्निग्धांश घट्ट होतो आणि घनता किंचित वाढते. त्यामुळे धार काढल्याबरोबर घेतलेला आकडा तापमानाची दुरुस्ती करूनही थोडा कमी येतो. धार काढल्यानंतर किमान अर्धा तास, शक्य तर एक तास जाऊ देऊन मग काटा लावावा.

आता त्यांच्या कोड्याचा उलगडा होतो. केंद्राजवळचा शेतकरी धारोष्ण, फेसाळ दूध घेऊन रांगेत पहिला उभा राहतो. लांबच्याचे दूध वाटेतच निवते, फेस बसतो. केंद्रावर थर्मामीटर नसेल, तर जवळ राहणाऱ्याला त्याच्या जवळपणाचाच दंड बसतो.

हा दंड किती, याचाही हिशेब करून पाहा. गाईच्या दुधाचा दर स्निग्धांश (फॅट) आणि स्निग्धांशविरहित घन पदार्थ (एसएनएफ) यांवर ठरतो. लॅक्टोमीटरवरून एसएनएफ काढण्याच्या सूत्रात दुरुस्त केलेल्या आकड्याचा चौथा हिस्सा घेतला जातो, त्यात स्निग्धांशाचा ठरावीक हिस्सा व एक स्थिरांक मिळविला जातो. म्हणजे काट्याचा आकडा एकाने कमी वाचला तर एसएनएफ पाव टक्क्याने कमी लागतो. आकडा अडीचने कमी वाचला तर साडेआठ एसएनएफचे दूध आठच्याही खाली उतरते. दरपत्रकात प्रत्येक पॉइंटला, म्हणजे टक्क्याच्या दहाव्या भागाला कपात असते. तुम्हाला मिळालेले दरपत्रक काढून हा फरक लिटरमागे किती रुपयांचा होतो ते स्वतः मांडावे. त्या गोपालकांनी आमच्या टेबलावरच कागदाच्या मागच्या बाजूला तो मांडला, महिन्याचा आकडा काढला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी धार अर्धा तास आधी काढण्यास सुरुवात केली. किटली थंड पाण्याच्या टाकीत ठेवून मग ते केंद्रावर जाऊ लागले. भांडण न करता झालेला हा सर्वांत स्वस्त उपाय. दूध लवकर निवविल्याने ते टिकतेही अधिक, हा वेगळा फायदा. केंद्रचालकाने पुढे एक थर्मामीटरही आणला. मागील महिन्यांची कपात मात्र परत मिळाली नाही.

आता अनेक संकलन केंद्रांवर इलेक्ट्रॉनिक यंत्रे बसली आहेत. तेथे काटा दिसत नाही, चिठ्ठीवर छापील आकडा येतो. छापील आकड्याशी वाद घालता येत नाही असा समज आहे. तो बरोबर नाही. यंत्रही वेळोवेळी प्रमाण नमुन्याशी जुळवावे लागते. शंका आली तर त्याच दुधाचा नमुना निववून, ढवळून घरच्या लॅक्टोमीटरवर सलग आठ-दहा दिवस तपासावा आणि चिठ्ठ्यांसोबत तारीखवार वहीत नोंदवावा. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा अशा नोंदींना वजन असते.

काटा फसतो कोठे?

काटा शेतकऱ्यावर अन्याय करतो तसा तो ग्राहकालाही फसवू शकतो. हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. दुधातील स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका असतो, त्याची घनता ०.९३ च्या आसपास. दुधावरची साय काढली की राहिलेले दूध जड होते व त्याचा आकडा ३५ च्या जवळ जातो. आता त्यात पाणी घातले की आकडा पुन्हा ३० वर आणता येतो. काटा म्हणतो दूध उत्तम, प्रत्यक्षात साय गेली आणि पाणी आले. साखर, मीठ, युरिया असे काहीही विरघळविले तरी घनता वाढते. लॅक्टोमीटर फक्त एकच गोष्ट मोजतो, ती म्हणजे घनता. ती कशामुळे आली, हे त्याला कळत नाही. म्हणून स्निग्धांशाची तपासणी सोबत असल्याशिवाय एकट्या काट्यावरून दूध निर्भेळ ठरवू नये आणि एकट्या काट्यावरून कोणाला चोरही ठरवू नये.

वाचण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. दूध न घुसळता सावकाश मिसळावे, नाही तर साय वर राहते. पात्र काट्यापेक्षा रुंद व पुरेसे खोल असावे, काटा भिंतीला किंवा तळाला टेकू नये. फेस फुंकून किंवा दूध वाहू देऊन बाजूला करावा. डोळा दुधाच्या पातळीशी समांतर ठेवावा. पाण्यात आपण वक्र पातळीचा तळ वाचतो, पण दूध अपारदर्शक असल्याने मानेला चढलेल्या कडेशी आकडा वाचावा लागतो.

बियाण्यासाठी मिठाचे पाणी

भाताच्या बियाण्यास ३ टक्के मिठाच्या द्रावणाची प्रक्रिया करण्याची शिफारस बहुतेकांना ठाऊक आहे. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवावे, त्यात बियाणे सोडून ढवळावे, तरंगणारे पोचट, हलके व रोगट दाणे काढून टाकावेत. तळाशी बसलेले बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे आणि मग शिफारशीप्रमाणे बुरशीनाशकाची व शेवटी जिवाणू संवर्धकाची प्रक्रिया करावी.

मीठ कशासाठी? मीठ येथे औषध म्हणून वापरलेले नाही, पाणी जड करण्यासाठी वापरलेले आहे. साध्या पाण्यात अगदी पोकळ दाणाच तरंगतो. अर्धवट भरलेला दाणा पाण्यापेक्षा किंचित जड असतो, तो पाण्यात बुडतो आणि चांगल्या दाण्यांत लपतो. पाण्याची घनता १.०२ केली की तो उघडा पडतो. असा दाणा उगवतो सुद्धा, पण पोटात साठा कमी असल्याने रोप अशक्त राहते आणि वाफ्यात मागे पडते.

ही पद्धत केवळ आपल्याकडची नाही. जपानमध्ये फुकुओका येथील कृषी शाळेत शिकविणारे योकोई तोकियोशी यांनी १८८० च्या दशकात भाताचे बियाणे मिठाच्या पाण्याने निवडण्याची पद्धत बसविली आणि ती तेथे घरोघरी गेली. तेथे बिनकुसळाच्या साध्या भातासाठी १.१३ घनतेचे द्रावण वापरतात, कुसळाच्या व चिकट भाताला त्याहून सौम्य. हे वाचून कोणी आपल्या भाताला १.१३ चे द्रावण करू नये. दाण्याचा आकार, टरफलाची जाडी आणि टरफलाखाली राहणारी पोकळी जातीजातीत वेगळी असते. तिकडे चांगला ठरणारा आकडा इकडे चांगले बियाणेही तरंगवील.

नेमकी हीच चूक अंड्यामुळे होताना मी पाहिली आहे. ताजे अंडे पाण्यात बुडते आणि मीठ वाढवीत गेले की तरंगते. अंडे हा कोंबडीने दिलेला हायड्रोमीटरच म्हणावयाचा. एका गावातील प्रशिक्षणात एक शेतकरी मोठ्या विश्वासाने म्हणाले, "मी मीठ मोजत नाही, अंडे तरंगले की द्रावण तयार." पण ताज्या अंड्याची घनता १.०८ ते १.०९ असते. ते तरंगविण्यास दहा लिटर पाण्याला सव्वा ते दीड किलो मीठ लागते. म्हणजे शिफारशीच्या चौपट-पाचपट. त्यांचे निम्मे बियाणे वर यायचे आणि ते बियाणे विकणाऱ्याला दोष द्यायचे. शिवाय अंडे शिळे असेल तर त्यातील हवेची पोकळी वाढलेली असते आणि ते साध्या पाण्यातही वर येते. भाताच्या ३ टक्के द्रावणासाठी अंड्याची खूण मुळीच उपयोगी नाही. मीठ वजन करून घ्यावे, अथवा वर सांगितलेल्या नळीवर ३०० ग्रॅमच्या द्रावणाची खूण एकदा करून ठेवावी.

बाजरीचे वेगळे आहे. अरगट रोगाच्या बुरशीपेशी बियाण्यात मिसळलेल्या असतील तर २० टक्के, म्हणजे दहा लिटर पाण्यात दोन किलो मिठाचे द्रावण वापरण्याची शिफारस आहे. बुरशीपेशी हलक्या असल्याने वर येतात. त्या काढून जाळून नष्ट कराव्यात, गुरांच्या दाण्यात मिसळू नयेत, कारण त्या विषारी असतात. बियाणे या द्रावणात रेंगाळत ठेवू नये आणि धुण्यात कसर करू नये. पाकिटातील रंगीत, प्रक्रिया केलेल्या बियाण्यास ही प्रक्रिया करावयाची नसते. घरचे किंवा शेजाऱ्याकडून आणलेले बियाणे असेल तेव्हाच ती करावी.

आता बुडबुड्याची गोष्ट. कोरड्या दाण्याला, विशेषतः कुसळाच्या भाताला, हवेचे बुडबुडे चिकटतात आणि चांगला दाणाही त्यांच्या आधाराने वर राहतो. म्हणून बियाणे टाकल्याबरोबर वरचे काढू नये. हाताने चांगले ढवळावे, मिनिटभर थांबावे, पुन्हा ढवळावे आणि मग जे वर राहील ते काढावे. एकाच द्रावणात अनेक घाण्या काढताना ओल्या दाण्यांबरोबर द्रावण जाते आणि आपण वरून साधे पाणी भरतो. तीव्रता उतरत जाते. प्रत्येक दोन-तीन घाण्यांनंतर नळी सोडून खूण पाहावी व मीठ वाढवावे.

बटाटा, माती आणि ट्रॅक्टरची बॅटरी

आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारासारख्या भागात वेफर्ससाठी बटाटा पिकविला जातो. वेफर्सला कोरडा भाग जास्त असलेला बटाटा लागतो, कारण पाणी जास्त असेल तर तेल जास्त लागते. हा कोरडा भाग कारखान्यात घनतेवरूनच अजमावतात आणि सामान्यतः १.०८ च्या वर विशिष्ट गुरुत्व अपेक्षित असते. यासाठी आपल्या दगडाच्या प्रयोगापलीकडे काही लागत नाही. जाळीच्या पिशवीत धुतलेले पाच किलो बटाटे घेऊन काट्याला टांगून वजन करावे, मग पिशवी तशीच पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून पुन्हा वजन वाचावे. पाण्यात ते ३७५ ग्रॅम भरले तर घट ४,६२५ ग्रॅम. ५,००० भागिले ४,६२५, म्हणजे १.०८१. पाण्यात ३०० ग्रॅमच भरले तर १.०६४, आणि असा माल नाकारला जाण्याचा धोका आहे. रिकाम्या पिशवीचे हवेतील व पाण्यातील वजन आधी वजा करावे. काढणीपूर्वी दोन-चार ठिकाणची झाडे उपटून हा प्रयोग केला तर आठवडाभर थांबावे की नाही, याचा अंदाज येतो.

मातीचे पृथक्करण करतानाही तरंगणारा काटाच वापरतात. अमेरिकेतील मिशिगन येथील जॉर्ज बोयूकोस यांनी १९२७ मध्ये ही पद्धत मांडली. पन्नास ग्रॅम माती कण सुटे करणाऱ्या रसायनासह पाण्यात घुसळून एक लिटरच्या उंच पात्रात भरतात. वाळू लवकर तळाशी जाते, म्हणून ४० सेकंदांनी काटा पोयटा आणि चिकणमाती यांचा मिळून आकडा दाखवितो. दोन तासांनी बहुतेक चिकणमातीच तरंगत राहते. पहिला आकडा ३६ आणि दुसरा २६ आला, तर चिकणमाती ५२ टक्के, पोयटा २० टक्के आणि वाळू २८ टक्के. ही आपली भारी काळी जमीन झाली. येथेही तापमानाची दुरुस्ती आहेच. हे काम प्रयोगशाळेवर सोपवावे, पण अहवालातील हे तीन आकडे कसे आले, हे माहीत असलेले बरे.

ट्रॅक्टरच्या बॅटरीचे पाणी तपासणारी रबरी फुग्याची नळीही हायड्रोमीटरच. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ती १.२६ ते १.२८ दाखविते. कोणी विचारतात की हाच काटा दुधाला चालेल का. चालणार नाही. त्याची आखणी १.१ पासून १.३ पर्यंत असते, दुधाचा सारा व्यवहार १.०२ ते १.०३५ एवढ्यातच होतो. शिवाय त्या नळीला आम्ल लागलेले असते.

घेताना व वापरताना

लॅक्टोमीटर घेताना त्यावर छापलेले तापमान आधी पाहावे आणि त्यासोबत अल्कोहोल भरलेला साधा थर्मामीटर घ्यावा. नवा काटा प्रयोगशाळेतील किंवा डेअरीतील काट्याबरोबर एकाच दुधात सोडून पाहावा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर आतील कागदी पट्टी सरकली असण्याची शक्यता असते. असा काटा दुकानातच परत करावा. वापरल्यावर काटा लगेच गार पाण्याने धुवावा, उकळते पाणी ओतू नये. मानेवर वाळलेल्या दुधाचा पापुद्रा राहिला तर काट्याचे वजन वाढते, तो थोडा खोल जातो आणि दुसऱ्या दिवशी निर्भेळ दूधही पातळ दाखवितो. धुऊन, पुसून, मऊ कापडात गुंडाळून तो आडवा ठेवावा.